मालातली खोट आणि दुकानाची मर्जी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एडिनबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा, रांग परतीच्या काउंटरपाशी लागलेली असते. ख्रिसमसला भेट मिळालेला पण न आवडलेला स्वेटर, बोटांना चावणारे बूट, दोनदा वाजून गप्प झालेला स्पीकर, सगळे त्या एकाच रांगेत. काउंटरमागे पाटी असते: इतक्या दिवसांत आणा, पावती हवी, टॅग तोडलेला नसावा, सेलमधला माल फक्त बदलून मिळेल, कानातले आणि अंतर्वस्त्रं परत घेतली जात नाहीत. पाटीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात आणखी एक वाक्य असतं: यामुळे आपल्या कायदेशीर हक्कांना बाधा येत नाही.

ग्राहकाचा सगळा संताप पाटीच्या वरच्या ओळी आणि ही तळाची ओळ यांच्या मधल्या जागेत साठलेला आहे. वरच्या ओळी म्हणजे दुकानाने स्वखुशीने दिलेली सवलत. तळाची ओळ म्हणजे कायदा. वस्तू चांगली आहे पण रंग आवडला नाही, माप चुकलं, घरी गेल्यावर मन बदललं, अशा वेळी ब्रिटनचा कायदा दुकानात जाऊन केलेल्या खरेदीवर ग्राहकाला काहीही देत नाही. अठ्ठावीस दिवस असोत की पस्तीस, ती दुकानाची मर्जी. पण वस्तूतच खोट असेल तर ती पाटी निरर्थक ठरते. ‘सेलमधला माल परत नाही’ हे वाक्य मग चालत नाही, ‘पावतीशिवाय नाही’ हेही चालत नाही. इतका सरळ फरक काउंटरवर कोणी सांगत नाही. दोन्ही प्रकारचे लोक एकाच रांगेत उभे राहतात, त्यांना एकच पाटी दाखवली जाते आणि हक्काने आलेला माणूस मेहेरबानी मागायला आल्यासारखा बोलू लागतो. या शहरातल्या, किंबहुना या देशातल्या, परतीच्या भांडणांचं मूळ मला या सरमिसळीत दिसतं. तिचा फायदा दुकानाला होतो, म्हणून ती टिकून आहे.

एडिनबराच्या संदर्भात ही गोष्ट जास्त खटकते, कारण स्कॉटलंडची जुनी न्यायपरंपरा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूची होती. इंग्लंडमध्ये खरेदीदाराने स्वतःच डोळे उघडे ठेवावेत, फसला तर त्याचं नशीब, असा विचार रूढ होता. स्कॉटलंडचा कायदा रोमन परंपरेतून आलेला. पूर्ण किंमत घेतली असेल तर माल निर्दोष आहे अशी हमी विक्रेत्याने न बोलताही दिलेली असते, असं इथली न्यायालयं मानत. घोड्याच्या बाजारापासून धान्यापर्यंत हेच सूत्र होतं. व्यापाराचे नियम दोन्ही देशांत सारखे असावेत या हेतूने १८५६ साली लंडनच्या संसदेने स्कॉटलंडसाठी वेगळा कायदा करून ही हमी जवळपास काढून घेतली. पुढे १८९३चा मालविक्री कायदा आला आणि दोन्ही देशांना मालाच्या दर्जाबद्दल एक किमान अट मिळाली. म्हणजे आधी असलेलं काढून घेतलं आणि मग त्यातलं थोडं परत दिलं. स्कॉटिश वकील आजही हा इतिहास जरा कडवटपणे सांगतात आणि मला तो कडवटपणा रास्त वाटतो.

त्या किमान अटीचा अर्थ किती संकुचित लावला जाई याचं उदाहरण १९७६ सालचं. फॉलकर्कच्या एका विक्रेत्याने नवी कोरी मोटार विकली. पॉवर स्टिअरिंगमधून तेल गळत होतं. दुरुस्त करूनही गळती थांबली नाही तेव्हा ग्राहकाने गाडी नाकारली. प्रकरण एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशन या वरिष्ठ न्यायालयात पोहोचलं. न्यायाधीशांनी हिशेब मांडला: दोष दुरुस्त करायला सुमारे २५ पौंड लागतात, विक्रेता दुरुस्ती करून द्यायला तयार आहे, नव्या गाडीत असे बारीक दोष निघतातच, तेव्हा गाडी विकण्यायोग्यच होती. ग्राहक हरला. नव्या वस्तूला पूर्ण पैसे मोजणाऱ्याने बारीक दोष पोटात घालावेत, ही त्या काळची समज. १९९४च्या दुरुस्तीने ती मोडली. मालाचा दर्जा समाधानकारक असावा अशी कसोटी आली आणि बारीकसारीक दोष नसणं हाही त्या दर्जाचा भाग आहे, असं कायद्यातच लिहिलं गेलं.

२००७ सालचा एक निकाल मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत माणुसकीचा निकाल वाटतो. स्कॉटलंडच्या एका शेतकरी कुटुंबाच्या व्यवसायाने १९९९ मध्ये पेरणीचं यंत्र घेतलं. ते चालवताना विचित्र हादरे बसू लागले. विक्रेत्याने यंत्र नेलं, दुरुस्त केलं आणि आता ते कारखान्यातून निघाल्यासारखं झालं आहे असं कळवलं. नेमकं काय बिघडलं होतं, हे मात्र सांगायला नकार दिला. आतल्या बेअरिंगच बसवलेल्या नव्हत्या, ही गोष्ट शेतकऱ्यांना आडून कळली. त्या अवस्थेत यंत्र चालवल्याने बाकीच्या भागांचं किती नुकसान झालं असेल, याची चिंता त्यांना लागली आणि त्यांनी यंत्र घ्यायला नकार दिला. कोर्ट ऑफ सेशनमध्ये ते हरले. तेव्हा अंतिम अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. दुरुस्तीला माल दिला म्हणजे नाकारण्याचा हक्क सोडला असं होत नाही. काय दुरुस्त केलं हे जाणून घेतल्याशिवाय ग्राहक निर्णय घेणार तरी कसा, असा त्या निकालाचा आशय. आज आपण फोन किंवा वॉशिंग मशीन दुरुस्तीला देतो आणि ‘चेक केलं, आता ठीक आहे’ एवढ्या शेऱ्यावर ते परत घेतो. काय झालं होतं ते विचारायला हवं, आणि उत्तर लेखी मागायला हवं.

पण या विषयात स्कॉटलंडने देशाला दिलेलं सर्वांत मोठं प्रकरण ॲबर्डीनच्या रिचर्ड डर्किन यांचं आहे. १९९८च्या डिसेंबरात त्यांनी पीसी वर्ल्डच्या दुकानातून १४९९ पौंडांचा लॅपटॉप घेतला. त्यांना आत बसवलेला मोडेम हवा होता. डबा न उघडता दुकानातल्या माणसाला खात्री नव्हती. मोडेम नसेल तर परत आणा, असं ठरलं. ५० पौंड रोख भरले, उरलेल्या रकमेसाठी दुकानातच एचएफसी बँकेच्या कर्जाच्या कागदांवर सही केली. घरी डबा उघडला, मोडेम नव्हता. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ते दुकानात गेले. मॅनेजरने परत घ्यायला नकार दिला.

इथवरची गोष्ट रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर घडते. पुढे जे झालं त्यावरून कळतं की परतीचा एक नकार माणसाच्या आयुष्यात किती लांबवर जाऊ शकतो. डर्किन यांनी बँकेला कळवलं की खरेदीच रद्द झाली आहे, कर्जही रद्द समजा. बँकेने ऐकलं नाही. हप्ते भरले नाहीत म्हणून त्यांचं नाव थकबाकीदार म्हणून पतनोंदणी संस्थांकडे गेलं. ब्रिटनमध्ये ही नोंद म्हणजे घरकर्जापासून साध्या क्रेडिट कार्डापर्यंत सगळ्या दारांना कडी. ॲबर्डीनच्या शेरिफ कोर्टाने २००८ मध्ये त्यांना १,१६,००० पौंडांहून अधिक भरपाई दिली. २०१० मध्ये एडिनबराच्या कोर्ट ऑफ सेशनने ती काढून घेतली. शेवटी २६ मार्च २०१४ रोजी लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: विक्रीचा करार रास्तपणे रद्द झाला, तर त्याच खरेदीला बांधलेलं कर्जही रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि ग्राहकाने वाद असल्याचं कळवल्यावर त्याची चौकशी न करता त्याला थकबाकीदार ठरवणं हा बँकेचा निष्काळजीपणा आहे. तत्त्वाने डर्किन जिंकले. भरपाई मिळाली ८००० पौंड. लॅपटॉप परत करायला गेल्याच्या दिवसापासून पंधरा वर्षं लोटली होती.

हप्त्यांवर सोफा किंवा फोन घेणाऱ्या आजच्या प्रत्येक ग्राहकाला त्या निकालाचा आधार आहे. पण आधार उभा राहायला एका माणसाचं अर्धं तरुणपण गेलं, आणि ते का गेलं तर एका मॅनेजरने दिलेला शब्द मानला नाही म्हणून. परतीची भांडणं क्षुल्लक असतात असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

आज चालू असलेला कायदा १ ऑक्टोबर २०१५ पासूनचा, ग्राहक हक्क कायदा २०१५. तो वाचायला अवघड नाही आणि बराच न्याय्य आहे. वस्तू समाधानकारक दर्जाची, सांगितलेल्या कामाला योग्य आणि वर्णनाप्रमाणे हवी. तशी नसेल तर पहिल्या तीस दिवसांत ती सरळ नाकारून सगळे पैसे परत मागता येतात. त्यासाठी दुरुस्ती करून घेण्याची सक्ती नाही, बदली वस्तू घेण्याची नाही, दुकानाच्या गिफ्ट कार्डाची तर मुळीच नाही. पैसे द्यायचं मान्य झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत द्यायचे. तीस दिवस उलटले तर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. एकच. ती फसली तर किंमत कमी करून घ्या किंवा वस्तू परत करून पैसे घ्या. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं दुरुस्ती-बदलीच्या मागणीसाठी गृहीत धरलं जातं. नव्हता हे सिद्ध करणं दुकानाचं काम. सहा महिन्यांनंतर सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकाकडे येतं. दावा लावण्याची मुदत स्कॉटलंडमध्ये पाच वर्षं आहे, इंग्लंडमध्ये सहा. लंडनहून आलेले मित्र ठामपणे सहा वर्षं सांगतात. एडिनबरात खरेदी केली असेल तर त्यांचं ऐकू नये.

या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जबाबदारी विक्रेत्याची आहे. करार ग्राहकाने दुकानाशी केलेला असतो. ज्या कारखान्यात ती इस्त्री बनली त्याच्याशी नाही. तरी काउंटरवर ऐकू येणारं पहिलं वाक्य असतं, ‘कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा.’ कंपनीची वॉरंटी ही जादाची सोय आहे, तिने दुकानाची जबाबदारी संपत नाही. दुसरं वाक्य पावतीचं. मन बदललं म्हणून परत करत असाल तर दुकान पावती मागू शकतं, कारण सवलत त्यांची आणि अटीही त्यांच्या. मालात खोट असेल तर खरेदी तिथेच केल्याचा कुठलाही पुरावा पुरतो, बँकेच्या स्टेटमेंटमधली एक नोंदसुद्धा. खोट असलेल्या वस्तूचा उघडलेला डबा हेही नकाराचं कारण होत नाही. डबा न उघडता खोट कळणार कशी? खोट असलेली जड वस्तू परत पोहोचवायचा वाजवी खर्चही दुकानाचा, फक्त जिथून ताब्यात घेतली तिथेच स्वतः नेऊन द्यायची असेल तर तो मागता येत नाही.

काउंटरमागच्या मुलामुलींना हे माहीत नसतं असं नाही. अनेकदा त्यांच्यासमोरची संगणकप्रणालीच मुदत उलटल्यावर परतीचं बटण दाबू देत नाही आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. ग्राहकाचा राग मग त्याच्यावर निघतो ज्याच्या हातात काहीच नाही. याची दखल स्कॉटलंडने घेतली. दुकानात काम करणाऱ्यांवर हल्ला करणं, त्यांना धमकावणं किंवा शिवीगाळ करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा स्कॉटिश संसदेने जानेवारी २०२१ मध्ये मंजूर केला आणि तो त्या ऑगस्टमध्ये लागू झाला. विधेयक मांडणारे डॅनियल जॉन्सन हे तेव्हा एडिनबरा सदर्नचे आमदार, राजकारणात येण्यापूर्वी याच शहरात घरची दुकानं चालवलेले. आपला माल परत घेतला नाही म्हणून विशी-बाविशीतल्या पोराला रडवणारा ग्राहक मी पाहिला आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, माणूस चुकीचा निवडला होता. पण म्हणून दुकानाच्या मालकांची सुटका होत नाही. कर्मचाऱ्याला कायद्याने संरक्षण द्यायचं आणि ज्या धोरणामुळे तो रोज लोकांच्या रागासमोर उभा राहतो ते तसंच ठेवायचं, यात त्या कर्मचाऱ्यावरही अन्याय आहे.

भेटवस्तूंचा पेच वेगळा. करार खरेदी करणाऱ्याशी, वस्तू तिसऱ्याच्या हातात. स्कॉटलंडमध्येच, पेझ्लीच्या एका कॅफेत, १९२८ साली मे डोनह्यू यांच्या जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार झाली तेव्हा बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले होते. विक्रेत्याशी करार नव्हता, म्हणून दावा उत्पादकावर झाला आणि १९३२च्या त्या निकालाने जगभरातला निष्काळजीपणाचा कायदा बदलला. पण तो इजेच्या भरपाईचा मार्ग आहे, स्वेटरचे पैसे परत मिळवण्याचा नाही. म्हणून इथे भेट देताना किंमत न छापलेली गिफ्ट रिसीट डब्यात ठेवतात. ती न विसरता मागून घ्यावी, एवढंच यावर सांगण्यासारखं आहे.

घरबसल्या केलेल्या खरेदीचं चित्र याच्या अगदी उलट. ब्रिटनमधल्या किरकोळ विक्रीचा साधारण पाव हिस्सा आता ऑनलाइन होतो, आणि तिथे मन बदलण्याचाही हक्क कायद्याने मिळतो. जून २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वस्तू हातात पडल्यापासून चौदा दिवसांत कारण न सांगता खरेदी रद्द करता येते, पुढचे चौदा दिवस ती परत पाठवायला मिळतात आणि नेहमीच्या पोस्टाचा मूळ खर्चही परत मिळतो. अपवाद आहेत: मापाने शिवून घेतलेल्या वस्तू, नाशवंत पदार्थ, आरोग्याच्या कारणाने सीलबंद केलेल्या आणि उघडलेल्या वस्तू. रॉयल माइलवरच्या दुकानाकडून आपल्या कमरेच्या मापाने किल्ट शिवून मागवला तर मन बदलून तो परत देता येत नाही. शिवणच चुकली असेल तर मात्र देता येतो. गादीवरचं प्लॅस्टिक फाडलं म्हणून हक्क गेला का, हा प्रश्न तर युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला होता. २०१९ मध्ये त्याने सांगितलं की गादी कपड्यासारखीच समजावी, स्वच्छ करून पुन्हा विकता येते, तेव्हा हक्क शाबूत.

प्रिन्सेस स्ट्रीटवर हा बदल दगडात दिसतो. १८३८ साली सुरू झालेलं जेनर्स हे या शहराचं मानाचं दुकान. १८९२च्या आगीनंतर १८९५ मध्ये त्याची आजची दिमाखदार इमारत उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या एडिनबराच्या बायका तिथे हातमोजे घेत, आणि विकणारी बाई ओळखीची असे. २००५ मध्ये हाउस ऑफ फ्रेझरने ते विकत घेतलं, २०२०-२१ च्या हिवाळ्यात ते बंद झालं. इमारतीचे मालक डेन्मार्कचे अँडर्स होल्क पोव्हल्सन. त्यांच्या बेस्टसेलर कंपनीचा ॲसॉस या ऑनलाइन कपडेविक्रेत्या कंपनीतही मोठा हिस्सा आहे. तीन मापांचे कपडे मागवून दोन परत पाठवायची सवय ज्या कंपन्यांनी लोकांना लावली, त्यांपैकी ही एक. आता त्याच कंपन्या खर्च परवडत नाही म्हणून मागे फिरत आहेत. झाराने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पोस्टाने येणाऱ्या परतीवर १.९५ पौंड लावले, दुकानात नेऊन दिलं तर फुकट. ॲसॉसने ऑक्टोबर २०२४ पासून वारंवार माल परत करणाऱ्यांकडून, त्यांनी ४० पौंडांहून कमी किमतीचा माल ठेवला तर, ३.९५ पौंड कापायला सुरुवात केली.

ग्राहक यावर चिडले आणि मला त्यांची चीड समजते. सवय लावून मग तिचा दंड आकारणं बरं नव्हे. पण हे शुल्क बेकायदा नाही. मन बदललेल्या ग्राहकाने परतीचा खर्च सोसावा असं दुकानाने आधी सांगितलं असेल तर नियम त्याला मुभा देतो. घालून, पार्टीला मिरवून, टॅग परत अडकवून पाठवलेल्या ड्रेसचा भुर्दंड शेवटी सगळ्यांच्याच किमतीत उतरतो. फक्त एक गोष्ट तपासून बघा: शिवण उसवलेला शर्ट परत करतानाही हे पैसे कापले गेले का? कापले असतील तर ती वसुली चुकीची आहे. खोट आणि मर्जी यांची सरमिसळ पडद्यावरच्या अर्जातही असते. परतीचं कारण निवडताना ‘माप बसलं नाही’ यावर घाईने टिचकी मारली की हक्काचं प्रकरण सवलतीचं होतं.

दुकानच बुडालं तर? गेल्या दहा वर्षांत प्रिन्सेस स्ट्रीटने हेही पुष्कळ पाहिलं. पश्चिम टोकाचं हाउस ऑफ फ्रेझर २०१८ मध्ये बंद झालं, तिथे आता जॉनी वॉकरच्या व्हिस्कीचं मोठं केंद्र आहे. मग आर्केडियाचं टॉपशॉप, मग डेबेनहॅम्स. कंपनी प्रशासकांच्या हाती गेली की परत केलेल्या मालाचे पैसे आणि गिफ्ट कार्ड दोन्ही साध्या धनकोंच्या रांगेत सर्वांत मागे जातात. तिथून एका पौंडामागे काही पेन्स मिळाले तरी नशीब. अशा वेळी कार्ड कंपनी उपयोगी पडते. १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या पंचाहत्तराव्या कलमानुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली असेल तर दुकानाइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. दुकान जिवंत असतानाही हा रस्ता खुला आहे, आणि काउंटरवर महिनाभर हेलपाटे घालण्यापेक्षा पुष्कळदा जवळचा आहे.

आपल्या मुलांचा प्रश्न इथेच येतो. पुण्या-नाशिकहून एडिनबरा विद्यापीठात किंवा हेरियट-वॉटला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आलेली मुलं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लॅपटॉप, रजई, कुकर, हिवाळी कोट अशी वर्षभराची खरेदी एका दमात करतात. पावत्या कुठल्या तरी पिशवीत जातात. पतइतिहास नसल्याने क्रेडिट कार्ड मिळत नाही, म्हणजे पंचाहत्तरावं कलम त्यांच्या कामाचं नाही. डेबिट कार्डावर चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो, पण तो कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम आहे, कायदा नाही, आणि मुदत मोजकीच. बरंचसं सामान जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून जुनं घेतलं जातं. खाजगी विक्रीला दर्जाची हमी नसते, फक्त वस्तू वर्णनाप्रमाणे असावी लागते. शिवाय पाच वर्षांची मुदत बारा महिन्यांनी मायदेशी जाणाऱ्याला काय कामाची? या मुलांसाठी तीस दिवस हाच खरा कायदा. म्हणून घेतलेली प्रत्येक यंत्रवस्तू पहिल्याच आठवड्यात लावून, चालवून, गरम करून बघावी. परीक्षा संपल्यावर डबा उघडू म्हणणारा मुलगा तो हक्क न वापरताच गमावतो.

दुसरी अडचण मनातली आहे. आपण ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघत मोठे झालो. बिलाच्या तळाशी तेच छापलेलं, फार तर ‘बदली दुपारी १ ते ४’. इथे पहिल्यांदा एखाद्या मुलीला न विचारता पैसे परत मिळाले की तिला हा देश स्वर्ग वाटतो, आणि पुढच्या वेळी नकार मिळाला की आपणच काही चुकलो असं वाटून ती गुपचूप बाहेर पडते. खरं तर भारतातही ती पाटी वैध नाही. अशा छापील ओळी ही अनुचित प्रथा आहे अशी भूमिका केंद्र सरकारने १९९९ मध्येच घेतली होती. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. म्हणजे लक्ष्मी रोडवर आणि प्रिन्सेस स्ट्रीटवर आकडा एकच आहे, तीस. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून महाराष्ट्रातले कार्यकर्ते दुकानांतल्या या पाट्यांशी झगडत आले आहेत. कायद्याच्या शब्दांत भारत याबाबत ब्रिटनच्या मागे नाही. नकार हाच गैरप्रकार, असं थेट म्हणण्यात तो काकणभर पुढेच आहे. मागे आहे तो निकालाच्या वेगात. जिल्हा आयोगाने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो आणि तारखा मात्र वर्षानुवर्षं पडत राहतात.

एडिनबरात शेवटचा उपाय चेंबर्स स्ट्रीटवरचं शेरिफ कोर्ट. नोव्हेंबर २०१६ पासून पाच हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी ‘सिंपल प्रोसीजर’ आहे. वकील लागत नाही, अर्ज साध्या इंग्रजीत, आणि ३०० पौंडांपर्यंतच्या दाव्यात हरलं तरी समोरच्याचा खर्च सहसा अंगावर येत नाही. त्याआधी ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड चालवत असलेली फुकट सल्ला सेवा आहे; तिथली तक्रार गरज पडल्यास नगरपालिकेच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे जाते. बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत. दुकानाच्या मुख्य कार्यालयाला कलमाचा उल्लेख असलेलं, चौदा दिवसांची मुदत देणारं एक शांत पत्र गेलं की काउंटरवर न मिळालेले पैसे मिळतात. मला याचा आनंद होत नाही. पत्र लिहिता येणाऱ्याला जे मिळतं ते न येणाऱ्याला मिळत नाही, आणि दुकानांना हे पुरेपूर ठाऊक आहे.

१ एप्रिल २०२२ पासून ‘कन्झ्युमर स्कॉटलंड’ ही स्वतंत्र वैधानिक संस्था एडिनबरात काम करते. तिचं काम संशोधन आणि पाठपुरावा, वैयक्तिक भांडणं सोडवणं नाही. ६ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाला मोठा अधिकार मिळाला: ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या कंपनीला कोर्टात न जाता जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. हा अधिकार देणाऱ्या कायद्यातल्या बंदी घातलेल्या प्रथांच्या यादीत एक प्रथा अशी आहे: कायद्याने ग्राहकाला मिळालेलाच हक्क आपल्या दुकानाचं वैशिष्ट्य म्हणून मिरवणं. ही बंदी मुळात २००८ पासूनची आहे. परतीची पाटी ज्या पद्धतीने लिहिली जाते ती याच्या अगदी कडेला उभी असते. हक्क वैशिष्ट्य म्हणून मिरवला जात नाही, पण तो सवलतींच्या ओळींखाली असा दाबला जातो की सवलतीलाच लोक हक्क समजतात आणि सवलत संपली की हक्क संपला असं मानतात. प्राधिकरणाने मोठे आकडे गाठण्याआधी या पाटीकडे बघावं असं मला वाटतं.

बदल अवघड नाही. पाटीवर दोन रकाने असावेत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत: वस्तूत दोष असेल तर आपला हक्क हा, दोष नसेल तर आमच्या अटी या. काउंटरवरच्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न पावतीचा नसावा, ‘काय झालं?’ हा असावा, आणि दोष असेल तर तीस दिवसांत पैसे परत करण्याचं बटण मॅनेजरशिवाय त्यालाच दाबता यावं. पावतीवर आज ‘अमुक तारखेपर्यंत परत करता येईल’ अशी दुकानाची तारीख छापलेली असते. तिच्याखाली, माल सदोष निघाल्यास पूर्ण रक्कम मागण्याची कायद्याची तारीख वेगळी छापणं प्रत्येक दुकानाला सक्तीचं करावं.